फरशी उकरण्याआधी

घराचे काम काढले की पहिला घण बहुधा फरशीवर पडतो. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत खाली शहाबादी असते, कोटा असतो, नाहीतर मोझॅकच्या लाद्या असतात. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आणि त्याखाली कडप्प्याच्याच फळ्या. हे सगळे दोन दिवसांत गोण्यांत भरून खाली जाते आणि मग घरची मंडळी दगडाच्या वखारीत जाऊन उभी राहतात. तिथे पॉलिश केलेल्या मोठमोठ्या पाट्या रंगाप्रमाणे रांगेत उभ्या असतात. निवड अर्ध्या तासात होते आणि ती डोळ्यांनी होते. कपाटाच्या रंगाला कोणता शोभेल, कोणता 'रिच' दिसेल, एवढेच विचारले जाते. पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या दगडावर काय सांडणार आहे, त्याला काय घासणार आहे आणि तो खराब झाला तर पुन्हा नीट करता येईल का, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते नैसर्गिक दगडाची खरी किंमत या शेवटच्या प्रश्नात आहे. पुन्हा नीट करता येणे हा दगडाचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि निवड तिथून सुरू केली तर घरातल्या जागांची आणि दगडांची आजची वाटणी बरीच बदलते.

त्यासाठी आधी नावांचा गुंता सोडवावा लागतो, कारण बाजारातली नावे दगडाची जात सांगत नाहीत. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, तांदूर तेलंगणातून, कोटा राजस्थानातल्या रामगंज मंडीच्या पट्ट्यातून आणि कडप्पा आंध्रातून. नावे चार, पण चारही चुनखडीचेच दगड. संगमरवर हासुद्धा मुळात चुनखडीच. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने तिचे कण नव्याने घडले एवढेच. या सगळ्या कुळाचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. दुसरे कूळ ग्रॅनाइटचे. त्यात फेल्डस्पार, गार आणि अभ्रक. दुकानात मात्र चुन्याचा नसलेला कोणताही कठीण दगड 'ग्रॅनाइट' म्हणून खपतो. काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. सोनेरी ठिपक्यांचा 'ब्लॅक गॅलेक्सी' आंध्रातल्या चिमकुर्तीहून येतो आणि तोही याच काळ्या जातीचा आहे. 'काश्मीर व्हाइट' तमिळनाडूचा आहे. उदयपूरकडच्या ऋषभदेव भागातला 'हिरवा मार्बल' मार्बल नसून सर्पेंटाइन आहे आणि पाणी मुरले की त्याच्या पातळ लाद्या वाकतात, म्हणून तो साध्या सिमेंटमालात बसवणे धोक्याचे. ही माहिती भूगोलाच्या हौसेपोटी देत नाही. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या १ ते १० या मोह्‌ज मापावर चुन्याचे खनिज ३ वर येते, फेल्डस्पार ६ वर आणि गार ७ वर. चपलांबरोबर घरात येणारी रेती ही बहुतांशी गारच असते. त्यामुळे दारातल्या संगमरवरावर रोज त्याच्याहून दुपटीने वरच्या अंकाची पूड घासली जाते, आणि ग्रॅनाइटवर त्याच्या बरोबरीची.

कठीणपणापेक्षाही आपल्या स्वयंपाकघरात रसायन जास्त महत्त्वाचे ठरते. पॉलिश केलेल्या संगमरवराच्या तुकड्यावर लिंबाचा एक थेंब टाकून जवळून पाहावे. काही क्षणांत थेंबाच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागतात. दगडातला कार्बोनेट आम्लाशी मिळून कार्बन डायऑक्साइड सोडत असतो. मिनिटाभराने पुसले तर वरून काही झालेले दिसत नाही. पण तुकडा खिडकीशी नेऊन तिरक्या उजेडात धरला की थेंबाच्या आकाराचा मंद गोल दिसतो, आणि बोट फिरवले तर तिथे गुळगुळीतपणा गेलेला कळतो. हा डाग नाही. डाग म्हणजे दगडात काहीतरी शिरलेले असते. इथे दगडातूनच काही निघून गेले आहे. म्हणून तो साबणाने, सोड्याने, कशानेही 'निघत' नाही. तेवढा भाग पुन्हा घासून पॉलिश करावा लागतो. आता आपल्या ओट्यावर दिवसभरात काय काय सांडते ते मोजावे: चिंचेचा कोळ, कोकमाचे आगळ, ताक, टोमॅटो, कैरी, लिंबू. सगळी आम्लेच. विक्रेता सांगतो की सीलर मारला की काळजी नाही. हे अर्धेच खरे आहे. सीलर दगडाच्या रंध्रांत शिरून तेल, हळद, चहा आत मुरण्याचा वेग कमी करतो. पण पृष्ठभाग तसाच उघडा राहतो आणि आम्ल त्यावर आपले काम करतेच. हाच थेंब ग्रॅनाइटच्या तुकड्यावर टाकला तर सहसा काही होत नाही, आणि झालेच तर त्या 'ग्रॅनाइट'मध्ये चुन्याचा अंश आहे हे घरी आणण्याआधीच कळते. पसंत पडलेल्या पाटीचा वाया जाणारा तुकडा मागून आणावा आणि त्यावर लिंबू, गरम तेल आणि हळद रात्रभर ठेवून बघावी. दुकानात लागणाऱ्या अर्ध्या तासापेक्षा ही रात्र अधिक सांगते.

आपल्या जुन्या घरांतली दगडांची वाटणी या दृष्टीने पाहिली तर ती डोळसपणे झालेली दिसते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे. हा काळा पाषाण कठीण आणि अखंड. त्यातून वेरूळचे कैलास लेणे कोरता आले, पण यंत्राची करवत येईपर्यंत त्याच्या पातळ फरश्या काढणे परवडणारे नव्हते. म्हणून त्याचा उपयोग झाला तो जोत्याला, पायऱ्यांना, जात्याला, पाट्या-वरवंट्याला: जिथे मार बसतो, घासले जाते, आम्लाचा संपर्क येतो अशा जागी. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून पुन्हा खरखरीत करून घेत, आणि तोच पाटा पुढची कित्येक वर्षे चाले. कोकणात आणि गोव्यात जांभा होता. खाणीतून काढताना तो तुलनेने मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो; त्याचे चिरे भिंतींना गेले. पातळ फरशी हवी तेव्हा ती भीमेच्या खोऱ्यातून आली, कारण तिथली चुनखडी थराथराने बसलेली आहे आणि पहारीने थर सुटतो. शहाबाद मुंबई-मद्रास लोहमार्गावर पडल्यामुळे ती फरशी पुण्या-मुंबईपर्यंत सहज पोहोचली. त्याच पट्ट्यातली चुनखडी शेजारी वाडीच्या सिमेंट कारखान्यातही जाते, म्हणजे घरातली फरशी आणि तिच्याखालचा सिमेंटमाल बरेचदा सख्खे भाऊ असतात. या वाटणीत फक्त कडप्प्याचा ओटा मला चुकलेला वाटतो. कडप्पा स्वस्त होता, सपाट मिळत होता, म्हणून तो ओट्यावर आला. पण तो चुन्याचा आहे आणि आम्लाने पांढुरका पडतो. खोबरेल तेलाचा हात फिरवून तो काळा ठेवण्याची घराघरातली सवय त्या चुकीवरचाच उपाय होती. फळ्यांसाठी आणि ओट्याखालच्या आधारासाठी मात्र आजही त्याच्याइतका सोयीचा दगड नाही.

आता मूळ मुद्दा, दुरुस्तीचा. जुनी शहाबादी फरशी बारकाईने पाहिली तर दारापाशी आणि मोरीच्या वाटेवर तिला किंचित खोलगटपणा आलेला दिसतो, सांध्यांत मळ बसून काळ्या रेघा झालेल्या असतात, आणि सिमेंटच्या शिंतोड्यांपासून रंगाच्या थेंबांपर्यंत सगळ्या जुन्या कामांच्या खुणा तिच्यावर असतात. ही फरशी 'गेली' असे म्हणून ती उकरली जाते. पण दगड वरपासून खालपर्यंत एकच असतो. यंत्राला हिऱ्याच्या जाड दाण्याचे दगड लावून वरचा पापुद्रा काढला, सांधे खरवडून रंग जुळवून भरले आणि मग बारीक होत जाणाऱ्या दाण्यांनी घासत नेले की आतून तीच फरशी नवी होऊन बाहेर येते, करडी-निळसर, आणि ज्यांनी ती आयुष्यभर मळकी पाहिली त्यांना ओळखू येणार नाही अशी. इंचभर जाडीच्या फरशीतून एका वेळी मिलिमीटरभरही जात नाही. म्हणजे हे काम दोन-तीन पिढ्यांत अनेकदा होऊ शकते. कोट्याचे आणि मोझॅकचेही तेच, कारण मोझॅकच्या वरच्या थरात संगमरवराच्याच चिप्स असतात. ज्या फरश्या फुटल्या असतील त्या बदलायला घरातच माल मिळतो: माळ्याखालच्या किंवा कपाट येणार असलेल्या कोपऱ्यातल्या चार फरश्या हलक्या हाताने काढायच्या. यावर रास्त आक्षेप असा की घासण्याचे काम गलिच्छ असते, घरभर राडा होतो आणि चांगला कारागीर मिळणे कठीण. राडा होतो हे खरे, पण तो पाण्याचा असतो आणि तीन-चार दिवसांत संपतो. उकरण्याचा राडा, धूळ, ठोकाठोक आणि खालच्या मजल्याच्या छताला जाणारे तडे यांच्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. आणि कारागिराबद्दल म्हणाल तर आपण काम दिले तरच तो टिकेल.

'उकरू नका, वरूनच नवी बसवा' असाही एक सल्ला दिला जातो. तो वाटतो तितका निरुपद्रवी नाही. पाऊण इंच जाडीच्या ग्रॅनाइटचे किंवा संगमरवराचे वजन दर चौरस मीटरला पन्नास किलोच्या आसपास भरते, म्हणजे चौरस फुटाला साधारण साडेचार किलो. त्याखाली दोन इंच सिमेंटमाल घातला तर आणखी सुमारे शंभर किलो. राहत्या घरात माणसे आणि सामान यांच्यासाठी भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला धरला जाणारा भार २०० किलोच्या घरात आहे. त्याच्या पाऊणपट बोजा आपण एका हौसेपायी कायमचा चढवतो. जुन्या लोड बेअरिंग इमारतीत किंवा गंजलेल्या सळ्यांच्या स्लॅबवर असे करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलेच पाहिजे. दारे कापावी लागणे, मोरीचा उतार उलटा होणे हे प्रश्न वेगळेच.

सर्वांत जोरदार आक्षेप असा की हा सगळा खटाटोप कशाला, व्हिट्रिफाइड टाइल आणि क्वार्ट्झचा ओटा हे सोपे उत्तर समोर आहे. टाइलचे गुण मी नाकारत नाही. मोरबीची चांगली टाइल पाणी पीत नाही, लिंबाला दाद देत नाही आणि दगडापेक्षा स्वस्त पडते. भाड्याच्या घरात, किंवा पाचेक वर्षांत सोडायच्या घरात ती शहाणपणाची निवड आहे. पण तिच्या अनेक प्रकारांत दिसणारी नक्षी ही वर छापलेला पातळ थर असते. तो थर ओरखडला, किंवा कुकरचे झाकण पडून टवका उडाला, की आतले वेगळे अंग दिसते आणि घासून परत आणण्यासारखे काही उरत नाही. टाइल बदलायची तर दहा वर्षांनी तेच डिझाइन मिळत नाही. क्वार्ट्झची पाटी म्हणजे गारेचा भुगा आणि राळ यांचे यंत्रात दाबलेले मिश्रण. ती डाग घेत नाही, पण राळेमुळे गॅसवरून उतरवलेली कढई थेट तिच्यावर ठेवली तर पिवळा वण उठतो आणि उन्हात तिचा रंग बदलतो. आपल्याकडे कढई खाली ठेवायला प्रत्येक वेळी चटई शोधली जाईल ही अपेक्षा मला फार वाटते. टाइल किंवा क्वार्ट्झ पहिल्या दिवशी सर्वांत चांगले दिसतात आणि तिथून उतरत जातात. दगड वरखाली होतो; त्याला पुन्हा वर आणता येते.

म्हणून ओट्यासाठी माझे मत गडद, घट्ट कणांच्या ग्रॅनाइटच्या बाजूने आहे, मग त्याचे शास्त्रीय नाव गॅब्रो असले तरी हरकत नाही. फिकट ग्रॅनाइट सहसा अधिक पाणी पितो. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटे थांबावे. तिथला रंग गडद झाला तर तेलही तसेच आत जाणार आणि दरवर्षी-दोन वर्षांनी सीलर मारावा लागणार. काहींमध्ये लोहाचे कण असतात आणि सिंकभोवती कायम ओल राहिली की गंजाचे पिवळे पट्टे उमटतात. काळ्याची परीक्षा वेगळी: कापसावर ॲसिटोन, म्हणजे नखांचे पॉलिश काढायचे द्रावण, घेऊन पाटी घासायची. कापूस काळा झाला तर करडा दगड रंगवून काळा केला आहे, आणि पहिल्या उन्हाळ्यातच तो फिका पडेल. पाटीच्या पाठीला जाळी चिकटवलेली असेल तर ती पाटी मुळात ठिसूळ आहे असे समजावे. पाटी विकत घेतल्यावर सर्वांत जास्त लक्ष सिंकच्या आणि शेगडीच्या कापाकडे द्यावे. काप आणि ओट्याची पुढची कड यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी उरते, तिथेच ओटा तडकतो. कापाचे आतले कोपरे काटकोनात न कापता गोल ठेवले आणि त्या पट्टीखाली कडप्प्याचा सलग आधार दिला तर हे संकट बहुतांशी टळते. पुढे सांभाळायला फारसे काही नाही. सांडले की पुसावे, भांड्यांच्या साबणाने धुवावे. तेलाचा डाग आत गेलाच तर खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली जाड लगदी त्यावर थापून, प्लॅस्टिकने झाकून दिवसभर ठेवावी. ती वाळताना तेल ओढून घेते. हळदीचा डाग उन्हाने उतरतो, म्हणून खिडकीजवळच्या डागाची घाई करू नये.

न्हाणीघरात मात्र चुन्याचा चकचकीत दगड नसावा, यावर मी ठाम आहे. घसरण्याचा धोका उघड आहे. त्याहून छुपी अडचण पाण्याची आहे. बोअरचे पाणी क्षारांचे असेल तर नळाखाली पांढरे पुट बसते. ते काढायला आम्ल लागते, आणि आम्ल दगड खाते, दोन्हीकडून कोंडी. बाजारातल्या शौचालय साफ करण्याच्या द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. त्याचा एक ओघळ संगमरवरावर कायमची पांढरी वाट करून जातो. आणखी एक प्रकार थांबायला हवा: काम संपल्यावर सिमेंटचे शिंतोडे काढायला गवंडी फरशीवर 'ॲसिड मारतो'. टाइलवर ते चालून जाते. शहाबादी, कोटा, संगमरवर यांच्यावर मारले की राहायला जाण्याआधीच पॉलिश जाते, आणि दोष दगडाला लागतो. कामाच्या ठरावातच हे लिहून घ्यावे. न्हाणीघराला खरखरीत ग्रॅनाइट किंवा नुसता चिरून न चमकवलेला कठीण दगड योग्य.

मग संगमरवर घ्यायचाच नाही का? ज्यांना त्याची ओढ आहे त्यांना मी नाही म्हणणार नाही. मकराण्याच्या दगडात ताजमहाल उभा राहिला, कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल उभे राहिले. उजेड किंचित आत घेऊन परत देण्याचा त्याचा गुण दुसऱ्या कशात नाही. युरोपात स्वयंपाकघरातही तो पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण तिथे त्याच्यावरच्या वणांना कोणी खोड मानत नाही आणि बरेचदा तो मुळातच मंद ठेवलेला असतो. आपल्याकडे हट्ट आरशासारख्या चमकेचा असतो आणि त्या हट्टापायीच मन खट्टू होते. देवघर, खिडकीचा कट्टा, जिने, निजायच्या खोल्या, म्हणजे जिथे अनवाणी वावर असतो आणि आम्ल सांडत नाही, अशा जागी संगमरवर सुखाने राहतो. मंद पॉलिश निवडले तर लिंबाचा वण त्यात मिसळून जातो. देवघरात फक्त पंचामृताचे दही आणि तेलाचा दिवा यांच्याखाली ताम्हन असू द्यावे.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो दगडाच्या बाजूने बोलणाऱ्याने टाळू नये. खाणींनी डोंगर पोखरले जातात. राजस्थानात किशनगडला मार्बल कापताना निघणाऱ्या पांढऱ्या गाळाचे पठारच तयार झाले आहे. लोक तिथे बर्फासारखे दिसते म्हणून फोटो काढायला जातात. दगड कापणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात गारेची धूळ बसून सिलिकोसिस होतो, आणि त्याला बरे करणारे औषध नाही. खाणकामगारांत हा रोग इतका पसरला की राजस्थान सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणावे लागले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम क्वार्ट्झच्या पाट्यांवर बंदी घातली, कारण त्यांतल्या बहुतेकांत ९० टक्क्यांहून अधिक सिलिका असते. ग्रॅनाइटमध्येही तिचे प्रमाण पाव भागाहून जास्त असू शकते. संगमरवरात ते सहसा फारच कमी. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचे माझ्याकडचे उत्तर पुन्हा खालच्या फरशीकडेच नेते: जी फरशी उकरली नाही तिच्या बदल्यात नवी खाण लागत नाही. नवा दगड घ्यावाच लागला तर कापण्याची जागा ग्राहकाच्या हातात असते. बंद खोलीत किंवा जिन्यात कोरड्या ग्राइंडरने पाटी कापताना जो पांढरा ढग उठतो तो कापणारा पोरगा दिवसभर, कामामागून काम, श्वासात घेत असतो, तोंडाला बहुधा एक ओला रुमाल बांधून. रुमालाने ती धूळ अडत नाही. शक्य तितके काप वखारीतच पाण्याच्या यंत्रावर करून आणावेत, साइटवरचे उरलेले उघड्यावर आणि पात्यावर पाण्याची धार सोडून करावेत, आणि त्याला लागणारी नळी, बादली, चांगला मास्क आणि जास्तीचा अर्धा दिवस यांचे पैसे सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच वेगळे लिहावेत.